विश्लेषण : अतिवृष्टीमुळे कार्यालये बंद; पण त्या दिवसाचा पगार कुणाला मिळतो आणि कुणाचा बुडतो?

१९ ऑगस्ट २०२५. हवामान विभागाचा रेड अलर्ट, रुळांवर पाणी आणि ठिकठिकाणी तुंबलेले रस्ते. मुंबईतील सर्व शासकीय, निमशासकीय आणि महापालिका कार्यालयांना त्या दिवशी सुट्टी जाहीर झाली. अत्यावश्यक सेवा तेवढ्या वगळण्यात आल्या. खासगी कार्यालयांनी कामाच्या स्वरूपानुसार कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावे, अशी सूचना देण्यात आली. मोबाइलवर हा संदेश काही मिनिटांत सगळीकडे पोहोचला. मात्र ‘सुट्टी’ या एका शब्दाचा अर्थ प्रत्येकासाठी सारखा नव्हता. विभाग कार्यालयातील कायम लिपिकासाठी ती पगारी सुट्टी होती. उदंचन केंद्रावरील पंपचालकासाठी ती सुट्टीच नव्हती. आणि कंत्राटदारामार्फत रोजंदारीवर काम करणाऱ्यासाठी तो बिनपगारी दिवस ठरण्याची शक्यता होती. स्थानिक स्वराज्य संस्थांची कार्यालये हवामानामुळे बंद राहतात तेव्हा वेतनाचे नेमके काय होते, याविषयी…

कार्यालय बंद ठेवण्याचा निर्णय कोण घेतो?

यासाठी साधारणपणे तीन मार्ग वापरले जातात. पहिला मार्ग राज्य सरकारचा. सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम २५ नुसार. हा कायदा मुळात धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्या व्यवहारांचा. एखाद्या दस्तऐवजाची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर काय करायचे, एवढ्यापुरता त्यात सार्वजनिक सुट्टीचा उल्लेख येतो.

दुसरा मार्ग स्थानिक सुट्टीचा. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात ठरावीक स्थानिक सुट्ट्या देता येतात. पण त्या बहुधा सण, जत्रा, यात्रा यांसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेल्या असतात.

तिसरा आणि अलीकडे सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा. आपत्तीची शक्यता दिसताच वाहतूक रोखणे, एखाद्या भागात प्रवेशबंदी करणे, यंत्रणा व साधने ताब्यात घेणे आणि आवश्यक ती अन्य पावले उचलणे, असे व्यापक अधिकार कलम ३४ ने जिल्हा प्राधिकरणाला दिले आहेत. २०२५ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचीही तरतूद झाली आहे. त्याचे अध्यक्षपद महापालिका आयुक्तांकडे असते.

या तिन्ही मार्गांत एक उणीव समान आहे. बंद काय आणि सुरू काय, हे त्यातून ठरते. बंद दिवसाचे वेतन कुणाला व कुणाच्या खिशातून मिळणार, हे ठरत नाही. तो प्रश्न सेवानियम, कामगार कायदे आणि कंत्राटाच्या अटी यांच्यावर सोडलेला असतो.

कायम कर्मचाऱ्यांचा पगार कापला जातो का?

सुट्टी अधिकृतपणे जाहीर झाली असेल तर नाही. कायम कर्मचाऱ्याचे वेतन मासिक असते. रविवार, सार्वजनिक सुट्टी किंवा आपत्तीमुळे दिलेली सुट्टी यांमुळे ते कमी होत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरही कार्यालयांना सुट्टी देण्यात आली होती. २ जुलै २०१९ रोजी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ३७५.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हाही सरकारने मुंबईत सुट्टी जाहीर केली. अशा दिवसांसाठी कायम कर्मचाऱ्याला अर्ज करावा लागत नाही, आणि त्याच्या रजेच्या खात्यातूनही काही वजा होत नाही.

अडचण सुरू होते ती आदेशाच्या वेळेपासून. कर्जत, कसारा, विरार किंवा पनवेलहून येणारा कर्मचारी पहाटेच घर सोडतो. सुट्टीचा आदेश सकाळी उशिरा आला, तर तोवर तो अर्ध्या वाटेत अडकलेला असतो. दुपारी कार्यालय लवकर सोडण्याचा निर्णय झाला, तर आलेल्यांना पूर्ण दिवसाची हजेरी मिळते. पण लोकल बंद पडल्यामुळे पोहोचूच न शकलेल्याचे काय, हे त्या आदेशातून कळत नाही. बायोमेट्रिक हजेरी वेतनप्रणालीशी जोडलेली असेल, तर यंत्राला पाऊस समजत नाही. त्याला दिसते ती फक्त गैरहजेरी.

सुट्टी जाहीरच झाली नाही आणि पोहोचता आले नाही तर?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी यावर जुना आणि स्पष्ट नियम आहे. नैसर्गिक आपत्ती, बंद आदी कारणांनी वाहतूक विस्कळीत झाली आणि कर्मचाऱ्याचे घर कार्यालयापासून तीन मैलांहून, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरहून दूर असेल, तर विभागप्रमुख त्याला विशेष नैमित्तिक रजा देऊ शकतात. ही रजा त्याच्या नेहमीच्या नैमित्तिक रजेतून वजा होत नाही. पगारही मिळतो आणि शिल्लक रजाही शाबूत राहते.

पण या नियमात ‘देऊ शकतात’ असे म्हटले आहे, ‘देतील’ असे नाही. निर्णय विभागप्रमुखाच्या हाती असतो. शिवाय हा नियम केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा आहे. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचे कर्मचारी आपापल्या सेवानियमांनी बांधलेले असतात. तिथे अनेकदा घटना घडून गेल्यावर परिपत्रक निघते आणि त्या दिवसाची गैरहजेरी नियमित केली जाते. परिपत्रक निघाले नाही, तर कर्मचाऱ्यापुढे उरतो तो स्वतःची नैमित्तिक रजा टाकण्याचा पर्याय. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला अशा आठच रजा मिळतात. जून ते सप्टेंबर या काळात लोकल चार वेळा ठप्प झाली, तर निम्मी रजा पावसातच वाहून जाते.

त्याच दिवशी, त्याच स्थानकावर अडकलेल्या दोन कर्मचाऱ्यांपैकी केंद्राच्या कर्मचाऱ्याला विशेष रजा मिळते आणि नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याची रजा कापली जाते, असेही होऊ शकते. दोघांना अडवणारे पाणी एकच असते. फरक फक्त नियमपुस्तिकेचा.

‘अत्यावश्यक सेवा वगळून’ याचा अर्थ काय?

सुट्टीच्या आदेशातील हे तीन शब्द महापालिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे ठरतात. मुंबई महापालिकेत सुमारे एक लाख कर्मचारी आहेत. त्यातील मोठा वर्ग घनकचरा व्यवस्थापन, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पर्जन्य जलवाहिन्या, रुग्णालये आणि अग्निशमन दल या विभागांत काम करतो. मंत्रालय बंद ठेवता येते. १९१६ या क्रमांकावरील आपत्कालीन नियंत्रण कक्ष बंद ठेवता येत नाही. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध या सहा मोठ्या उदंचन केंद्रांवर जास्तीत जास्त मनुष्यबळ लागते ते नेमके याच दिवशी.

१९ ऑगस्ट २०२५ हेच त्याचे उदाहरण. शहराला सुट्टी होती. त्याच दिवशी मिठी नदीची पातळी वाढल्याने कुर्ल्यातील क्रांतीनगरमधील रहिवाशांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले. संध्याकाळी चेंबूरजवळ मोनोरेल उंचावर बंद पडली आणि ५०० हून अधिक प्रवाशांची सुटका करण्यासाठी अग्निशमन दलाला धावावे लागले.

हे काम टाळण्याची मुभाही नसते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५६ नुसार, नेमून दिलेले कर्तव्य वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय किंवा अन्य कायदेशीर कारणाशिवाय सोडणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे आणि तिला शिक्षेची जोडही आहे. मोबदल्याबाबत मात्र तेवढी स्पष्टता नाही.

इतरांना पगारी सुट्टी मिळालेली असताना ज्याने पूर्ण दिवस काम केले, त्यालाही त्या दिवसाचा तेवढाच पगार मिळतो. अतिकालिक भत्ता किंवा बदली रजा मिळणार का, हे त्याच्या पदावर आणि विभागाच्या नियमांवर अवलंबून असते. पाळी संपल्यावर पुढचा कर्मचारी पोहोचू शकला नाही म्हणून थांबावे लागले, तर ते तास अतिकालिक धरायचे का? दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर राहता यावे म्हणून आदल्या रात्री चौकीतच मुक्काम केला, तर ती ड्युटी की वैयक्तिक सोय? प्रत्येक पावसाळ्यात हे प्रश्न नव्याने उभे राहतात.

आणीबाणीच्या काळात अतिकालिक मोबदल्याला कात्री लावता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला आहे. करोनाकाळात गुजरात सरकारने कारखान्यांना कामाचे तास आणि दुप्पट दराच्या अतिकालिक वेतनाच्या तरतुदींतून सूट देणारी अधिसूचना काढली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती रद्द केली. प्रकरण कारखान्यांचे होते, महापालिकांचे नव्हे. तरीही संकटाचा भार कामगाराच्या मजुरीवर ढकलता येणार नाही, हा त्यातील सूर इथेही लागू पडण्यासारखा आहे.

कंत्राटी कामगाराचा दिवस कसा बुडतो?

या विषयातील खरा पेच इथे आहे. आज जवळपास प्रत्येक महापालिकेत सफाई, कचरा वाहतूक, सुरक्षा, उद्यान, डेटा एण्ट्री, वाहनचालक अशी अनेक कामे कंत्राटदारामार्फत होतात. काही जण ‘स्वयंसेवक’ या नावाने मानधनावर असतात. त्यांचा पगार सेवानियमांनी ठरत नाही. कंत्राटदाराला पैसे कसे मिळतात, त्यावर तो ठरतो. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

हजेरीनुसार देयक : किती माणसे किती दिवस हजर होती, त्यानुसार महापालिका कंत्राटदाराला पैसे देते. कार्यालय बंद म्हणजे हजेरी शून्य, देयक शून्य आणि मजुरीही शून्य. महापालिकेचा त्या दिवसाचा खर्च वाचतो. वाचलेली रक्कम म्हणजे कामगाराची बुडालेली मजुरी.

ठोक मासिक देयक : महिन्याच्या कामासाठी एकच रक्कम ठरलेली असते. एखादा दिवस बंद राहिला तरी ती सहसा बदलत नाही. इथे महापालिका पूर्ण पैसे देते. कंत्राटदाराने कामगाराचा दिवस कापला, तर फायदा कंत्राटदाराचा होतो.

कामाच्या परिमाणानुसार देयक : प्रति टन कचरा, प्रति किलोमीटर फेरी अशा दराने पैसे मिळतात. भाडेतत्त्वावरील बसगाड्यांसाठी बेस्ट उपक्रम बस पुरवठादारांना प्रति किलोमीटर दराने पैसे देतो. पाणी साचून गाड्या वळवल्या किंवा उभ्या राहिल्या, तर किलोमीटर घटतात. चालकाच्या पगारावर त्याचा परिणाम होणार की नाही, हे त्याचा आणि पुरवठादाराचा करार ठरवतो. सुट्टीचा सरकारी आदेश तिथपर्यंत पोहोचतच नाही.

तिन्ही प्रकारांत कामगार मुकादमाला फोन करतो आणि उत्तर मिळते, ‘वरून काही आलेले नाही.’ मग तो गुडघाभर पाण्यातून हजेरी चौकी गाठतो. कारण घरी थांबलो तर खाडा पडणार, हे त्याला माहीत असते. लोकांनी रस्त्यावर येऊ नये, म्हणून तर सुट्टी दिलेली असते. पण वेतनाची हमी नसेल, तर ज्याला घरी बसणे परवडत नाही तो बाहेर पडतोच. म्हणून हा प्रश्न पगारापुरता राहत नाही, सुरक्षिततेचाही होतो.

फरक किती रुपयांचा?

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कायम लिपिकाचा मासिक पगार ४५,००० रुपये आहे. एका कंत्राटी कामगाराला दिवसाला ६०० रुपये मिळतात आणि महिन्यात २६ दिवस काम असते. म्हणजे त्याची कमाई १५,६०० रुपये.

एखाद्या जुलैमध्ये अतिवृष्टीमुळे चार दिवस कार्यालये बंद राहिली, तर लिपिकाला ४५,००० रुपयेच मिळतील. कंत्राटी कामगाराचे २,४०० रुपये जातील, म्हणजे महिन्याच्या कमाईचा सुमारे १५ टक्के भाग. भविष्यनिर्वाह निधीतील त्या महिन्याचे अंशदानही त्या प्रमाणात घटेल. ज्याच्या घरात पाणी शिरून धान्य भिजले, गादी-कपडे फेकून द्यावे लागले, नेमकी त्याचीच कमाई त्याच महिन्यात घसरते.

आता महापालिकेच्या बाजूने पाहू. ५,००० कंत्राटी कामगारांना प्रत्येकी ६०० रुपये द्यायचे ठरवले, तर एका बंद दिवसाचा खर्च ३० लाख रुपये. वर्षातून चार दिवस धरले तर १ कोटी २० लाख. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. छोट्या नगरपालिकांची आर्थिक स्थिती अर्थातच वेगळी आहे. पण त्यांच्याकडील कंत्राटी कामगारांची संख्याही त्याच प्रमाणात कमी असते.

कामगार कायदे काय सांगतात?

काही प्रमाणात दिलासा देतात, पण मधे मोठी फट आहे.

किमान वेतन कायदा, १९४८ च्या अनुसूचीत स्थानिक प्राधिकरणांकडील रोजगाराचा समावेश होता. या कायद्याच्या कलम १५ नुसार, दिवसाच्या दराने किमान वेतन मिळणाऱ्या कामगाराने पूर्ण दिवसापेक्षा कमी काम केले आणि त्याचे कारण मालकाने काम न देणे हे असेल, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळायला हवे. कामगारानेच काम करायला नकार दिला, तर हा हक्क राहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १० मध्ये हेच तत्त्व कायम आहे.

म्हणजे कामगार सकाळी हजर झाला, दोन तास काम केले आणि मग पावसामुळे काम थांबवून त्याला घरी पाठवले, तर पूर्ण दिवसाच्या वेतनावर त्याला दावा सांगता येतो. पण ‘आज येऊच नका’ असे आदल्या रात्री सांगितले तर? त्याने त्या दिवशी काहीच काम केलेले नसते. तिथे या कलमाचा आधार डळमळीत होतो. याचा व्यावहारिक अर्थ विचित्र आहे. धोका पत्करून कामावर आलेल्याची बाजू भक्कम होते, सरकारचे ऐकून घरी थांबलेल्याची कमकुवत.

दुसरा आधार ‘ले-ऑफ’चा. औद्योगिक विवाद कायद्यातील ले-ऑफच्या व्याख्येत नैसर्गिक आपत्तीचाही उल्लेख होता आणि ले-ऑफ काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई देण्याची तरतूद होती. मात्र ती भरपाई कारखाने, खाणी आणि मळे यांतील कामगारांपुरती मर्यादित होती. बदली आणि हंगामी कामगार त्याबाहेर होते. रस्ता झाडणारा कंत्राटी कामगार या चौकटीत बसत नाही.

तिसरा मुद्दा समान वेतनाचा. समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळायला हवे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग प्रकरणात २६ ऑक्टोबर २०१६ रोजी दिला. मुंबईतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्गही एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोकळा झाला. पण त्यासाठी कामगार संघटनेला दीर्घ लढा द्यावा लागला. एका दिवसाच्या ६०० रुपयांसाठी तेवढी लढाई कुणीच लढू शकत नाही. म्हणूनच ही फट वर्षानुवर्षे तशीच राहते.

टाळेबंदीत काय झाले होते?

हा प्रश्न पहिल्यांदा देशव्यापी झाला तो २०२० मध्ये. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने २३ मार्च २०२० रोजी एक आदेश काढला. टाळेबंदीमुळे घरी राहावे लागलेल्या, केंद्राच्या कार्यालयांतील कंत्राटी, हंगामी आणि बाह्ययंत्रणेच्या कर्मचाऱ्यांना ‘कामावर हजर’ समजावे आणि त्यानुसार वेतन द्यावे, असे त्यात म्हटले होते. सुरुवातीला ही मुभा ३० एप्रिलपर्यंत होती.

पाठोपाठ २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालीच सर्व मालकांना टाळेबंदीत वेतनकपात न करण्याचे आदेश दिले. खासगी उद्योगांनी त्याला आव्हान दिले. मे महिन्याच्या मध्यावर तो आदेश मागे घेतला गेला आणि १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांनी चर्चेतून तोडगा काढावा, असे सुचवले.

या दोन आदेशांची गत वेगवेगळी का झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गृह मंत्रालयाच्या आदेशात सरकार दुसऱ्यांना पैसे द्यायला सांगत होते, म्हणून वाद झाला. अर्थ मंत्रालयाच्या आदेशात सरकार स्वतःच्या तिजोरीतून स्वतःच्याच कार्यालयांत काम करणाऱ्यांना पैसे देत होते. तिथे ‘मुख्य नियोक्ता’ सरकारच होते. महापालिकांची स्थिती या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यामुळे त्यांना नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

मुंबईबाहेर, ग्रामपंचायतींपर्यंत काय स्थिती?

शहराबाहेर गुंतागुंत वाढते. ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूर-सांगलीचा महापूर असो की जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला बसलेला तडाखा, तिथे प्रश्न एका दिवसाचा नव्हता. कार्यालयातच पाणी शिरले, तर दप्तर, संगणक आणि हजेरीपुस्तकही भिजते. कर्मचाऱ्याचे स्वतःचे घर पुरात असते आणि पंचनाम्यासाठी त्यालाच दारोदार फिरायचे असते.

शाळांबाबतही संभ्रम असतो. ‘शाळांना सुट्टी’ म्हणजे विद्यार्थ्यांना की शिक्षकांनाही? काही आदेशांत शिक्षकांनी मुख्यालयी उपस्थित राहावे, असे स्पष्ट लिहिलेले असते. काहींत त्याबाबत काहीच नसते. पूरग्रस्तांसाठी शाळाच निवारा केंद्र बनते, तेव्हा तिची किल्ली कुणीतरी घेऊन यावीच लागते.

ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचा प्रश्न त्याहून बिकट. त्यांच्या किमान वेतनासाठीचे शासकीय अनुदान करवसुलीच्या टक्केवारीशी जोडू नये, ही त्यांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. पूर आला की वसुली थांबते. म्हणजे पाणीपुरवठ्याची मोटर पुन्हा सुरू करण्यासाठी जो चिखलात उतरतो, त्याच्याच वेतनावर पुराचा परिणाम काही महिन्यांनी होऊ शकतो.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी २०१६ च्या प्रशासकीय रजा कायद्याने ‘हवामान आणि सुरक्षा रजा’ असा वेगळा प्रकार निर्माण केला. बर्फवादळ किंवा चक्रीवादळामुळे सुरक्षितपणे कामाच्या ठिकाणी जाता येत नसेल, तर ही पगारी रजा मिळते आणि ती कर्मचाऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही. ज्यांना घरून काम करता येते, त्यांनी सहसा काम करणे अपेक्षित असते. आपत्कालीन कर्मचारी आधीच ठरवून ठेवलेले असतात.

तैवानमध्ये वादळामुळे कामकाज थांबवण्याचा निर्णय शहर आणि परगण्याचे प्रमुख घेतात. त्यासाठी वाऱ्याच्या वेगाचे निकष ठरलेले आहेत. खासगी कामगारांबाबत तिथल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वादळामुळे न आलेल्याला गैरहजर धरू नये आणि त्याला स्वतःची रजा घ्यायला भाग पाडू नये. वेतन कापू नये आणि जो कामावर आला त्याला जादा मोबदला द्यावा, असा सल्लाही त्यात आहे. खासगी मालकांवर पूर्ण वेतनाची सक्ती तिथेही नाही. पण वादळ येण्याआधीच प्रत्येकाला आपली बाजू माहीत असते. आपल्याकडे ती पाणी ओसरल्यावर शोधावी लागते.

मग उपाय काय?

प्रशासकीय पातळीवर चार गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, सुट्टीच्या आदेशातच वेतनाचे एक वाक्य : ‘कायम, हंगामी, रोजंदारी, मानधनावरील आणि बाह्ययंत्रणेच्या कर्मचाऱ्यांना या दिवशी कामावर हजर समजण्यात येईल.’ २३ मार्च २०२० च्या आदेशाचे उदाहरण समोर आहेच.

दुसरी, निविदेतील अट. आपत्ती प्राधिकरणाने बंद ठेवलेल्या दिवसांचे देयक महापालिका देईल आणि कंत्राटदाराने ती रक्कम कामगाराच्या बँक खात्यात जमा केल्याचा पुरावा दिल्यावरच ती अदा होईल. असे केले तर ठोक देयकातील कपातही थांबेल आणि हजेरीच्या देयकातील शून्यही.

तिसरी, अत्यावश्यक कर्मचाऱ्यांची यादी मे महिन्यातच. कोणत्या पदाला यावेच लागेल, त्याची ने-आण कशी होईल, रात्री थांबावे लागल्यास जेवण व मुक्कामाची सोय कुठे आणि त्या तासांचा मोबदला किंवा बदली रजा किती, हे पावसाआधी लेखी हवे. नालेसफाईचे वेळापत्रक ठरते, तसेच हेही ठरू शकते.

चौथी, हजेरीप्रणालीत वेगळी नोंद. रेड अलर्टच्या दिवशी ठरावीक रेल्वेमार्ग बंद असेल, तर त्या मार्गावरून येणाऱ्यांची गैरहजेरी आपोआप ‘आपत्ती’ या रकान्यात जावी. त्यासाठी प्रत्येकाने अर्ज आणि पुरावे घेऊन कार्यालयाच्या खेपा घालण्याची गरज पडू नये.

गैरवापराची भीती आहे का?

आहे, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारा कर्मचारीही पावसाचे कारण पुढे करू शकतो. कंत्राटदार यादीत नसलेल्या नावांचे पैसे लाटू शकतो. म्हणूनच केंद्राच्या नियमात अंतराची अट आहे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आदल्या महिन्याची भविष्यनिर्वाह निधीतील नावे हा पडताळणीचा सोपा आधार ठरू शकतो. शिवाय ही मुभा आपत्ती प्राधिकरणाने जाहीर केलेल्या दिवसांपुरतीच ठेवली, तर खर्चही मर्यादेत राहतो.

अतिवृष्टीचे इशारे आता अपवाद राहिलेले नाहीत. त्यामुळे ‘यंदा किती दिवस बंद ठेवावे लागेल’ याचा अंदाज पालिकांना अर्थसंकल्पातच बांधावा लागेल. पुढच्या रेड अलर्टच्या वेळी सुट्टीचा संदेश पुन्हा काही मिनिटांत लाखो मोबाइलवर पोहोचेल. तो वाचून कंत्राटी कामगार घरी थांबेल की पाण्यात उतरेल, हे त्या संदेशात वेतनाचे एक वाक्य आहे की नाही, यावर ठरेल.